डायल-अप सीरियल जोडणीवरील अनाकलनीय रहदारी आणि कॉम्प्रेशनचा तपास

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एखाद्या कारखान्यात दूरच्या पंपघराचे नोंदयंत्र मोडेमवरून लिनक्स संगणकाशी जोडलेले असेल आणि कोणी काही मागितलेले नसतानाही मोडेमचे दिवे लुकलुकत असतील, तर सेटिंग बदलण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे: ही पॅकेट नेमकी कोण पाठवत आहे? तक्रार बहुधा 'लाइन जड झाली आहे' अशा मोघम शब्दांत येते, आणि मग रहदारी व कॉम्प्रेशन या दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. तपासात त्या वेगळ्याच ठेवाव्यात, असा माझा आग्रह आहे.

प्रथम पीपीपी इंटरफेसवर (मोडेमवरून आयपी पॅकेट नेणाऱ्या जोडणीवर) टीसीपीडम्प हा पॅकेट दाखवणारा प्रोग्राम चालवावा, पण 'एन' हा पर्याय देऊनच. तो न दिल्यास टीसीपीडम्प प्रत्येक पत्त्याचे नाव डीएनएसकडे (पत्ते व नावे जुळवणाऱ्या सेवेकडे) विचारतो, ती विचारणा त्याच जोडणीवरून जाते आणि तपासणारा स्वतःच रहदारी निर्माण करून तिचा माग काढत बसतो. पॅकेट दिसू लागली की पोर्ट क्रमांक पाहावेत; त्यांवरून पॅकेट कोणत्या सेवेचे आहे ते कळते. ५३ म्हणजे डीएनएस, १२३ म्हणजे वेळ जुळवणारी एनटीपी सेवा, आणि १३७ ते १३९ म्हणजे बहुधा कचेरीतील विंडोज संगणकांची नेटबायॉस कुजबुज, म्हणजे एकमेकांना शोधण्याची विचारणा. मागणीनुसार डायल होणारी जोडणी असेल, तर अशा एका पॅकेटनेही फोन लागतो आणि बिलाचा आकडा चढतो. पीपीपी जोडणी चालवणाऱ्या पीपीपीडी प्रोग्रामच्या 'ॲक्टिव्ह-फिल्टर' पर्यायाने ही पॅकेट 'हालचाल' म्हणून मोजली जात नाहीत. मात्र जोडणी आधीच सुरू असल्यास ती अडवलीही जात नाहीत. त्यासाठी फायरवॉलचा नियम लिहावा किंवा मूळ सेवाच बंद करावी, आणि शक्य असेल तेथे दुसराच मार्ग योग्य.

कॉम्प्रेशन, म्हणजे माहिती दाबून लहान करणे, मात्र एकाच ठिकाणी होत नाही. व्हॅन जेकबसन पद्धत (आरएफसी ११४४, १९९०) टीसीपी-आयपी पॅकेटचे ४० बाइटांचे शीर्ष (पत्ते वगैरे असलेला सुरुवातीचा भाग) साधारण ३ ते ५ बाइटांवर आणते, पण यूडीपी या दुसऱ्या प्रकारच्या पॅकेटला हात लावत नाही. डिफ्लेट किंवा बीएसडी पद्धत पॅकेटमधील माहितीच दाबते आणि त्याची बोलणी सीसीपी या कॉम्प्रेशन ठरवणाऱ्या प्रोटोकॉलमधून होतात. समोरच्या बाजूला ती मान्य नसल्यास पीपीपीडीच्या डीबग नोंदीत '८० एफडी' या प्रोटोकॉलचा, म्हणजे सीसीपीचाच, नकार दिसतो. तिसरे कॉम्प्रेशन मोडेम स्वतः करतो ते, व्ही.४२बिस. शिवाय व्ही.४२ त्रुटिसुधारणा सुरू झाली की फोनच्या तारेवरून स्टार्ट-स्टॉप बिट (प्रत्येक बाइटच्या आधी व नंतर लागणारे दोन जादा बिट) जात नाहीत, त्यामुळे ३३,६०० बिट वेगाला सेकंदाला ३,३६० ऐवजी सुमारे ४,२०० बाइटांची मर्यादा मिळते. वेगातील कोडे वाटणारी वाढ अनेकदा एवढीच असते.

चाचणीसाठी सीरियल पोर्टचा वेग १,१५,२०० ठेवून आधी एक झिप फाइल आणि मग तेवढ्याच आकाराची मजकुराची फाइल पाठवावी. झिप आणखी दबत नाही, म्हणून तिचा वेग हा तारेचा खरा वेग मानावा. मजकूर बराच वेगाने गेला, तर पीपीपीडीला सीसीपी बंद करणारा 'नोसीसीपी' पर्याय लावून पुन्हा पाठवावा. वेग तसाच राहिला, तर काम मोडेम करत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर निष्कर्ष हाती लागत नाही.

पीपीपी जोडणीची आकडेवारी दाखवणाऱ्या पीपीपीस्टॅट्स प्रोग्राममधील 'व्हीजेईआरआर' (व्हॅन जेकबसन शीर्षांतील चुका) हा स्तंभ वाढत असेल, तर पॅकेट खराब होऊन येत आहेत. अशा वेळी सीरियल ड्रायव्हरच्या नोंदीतील 'ओई' (ओव्हररन चुका) आणि 'एफई' (फ्रेमिंग चुका) हे आकडे पाहावेत. 'ओई' वाढत असल्यास संगणकाला बाइट वेळेत उचलता येत नाहीत. 'सीआरटीएससीटीएस', म्हणजे आरटीएस व सीटीएस या तारांनी बाइटांचा ओघ थांबवण्याची सोय, सुरू आहे का आणि केबलमध्ये त्या तारा खरोखर जोडलेल्या आहेत का, हे तपासावे. 'एफई' वाढत असल्यास पोर्टचा वेग किंवा केबल यांत दोष असतो. दोन्ही शून्य असूनही पावसाळ्यात मोडेम वारंवार कमी वेगावर उतरत असेल, तर फोनच्या तांब्याच्या तारेच्या जोडात पाणी शिरले आहे का, हे लाइनमनकडून तपासून घ्यावे.