जुनी मोटारबोट खान्देशात ओढून आणताना

मुंबईकडे घेतलेली जुनी, मोठी मोटारबोट धुळे-जळगावकडे ओढून आणायची असेल, तर इंजिनाच्या आधी ट्रेलरची चाकं बघा. खाऱ्या पाण्यात बुडून हबमधल्या (चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या) बेअरिंगला, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या छऱ्यांच्या कड्याला, गंज चढतो आणि वरून काही कळत नाही. जॅक लावून चाक हाताने फिरवा. खरखर जाणवली तर बेअरिंग आणि सील (पाणी आत जाऊ न देणारी रबरी कडी) तिथेच बदला, नवं ग्रीस भरा. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसो, इतक्या जुन्या टायरवर खान्देशातल्या मे महिन्याच्या डांबरात भरवसा ठेवू नका. शक्यतो पहाटेच निघा.

बोट आणि ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहा टक्के भार ओढणाऱ्या गाडीच्या हुकवर हवा. तो कमी पडला की ट्रेलर मागे डोलायला लागतो, आणि चांदवडजवळचा राहुड घाट उतरताना ते फार धोक्याचं. बोटीची रुंदी २.६ मीटरच्या वर असेल तर लो-बेड (जमिनीलगतच्या सपाट तळाचा) ट्रेलर आणि परवानगी, दुसरा मार्ग नाही.

कसारा चढल्यावर, मग मालेगावला थांबून प्रत्येक हबला हाताची मागची बाजू हळूच लावा. कोमट चालेल, चटका बसला तर बेअरिंग तापतंय, गाडी तिथेच उभी करा.