स्वस्त डक कॉल घेताना आणि घेतल्यावर

अमेरिकेत बदकांच्या शिकारीला पहिल्यांदाच निघाला असाल, तर डक कॉल, म्हणजे बदकासारखा आवाज काढून बदकं बोलावायची फुंकायची नळी, घेताना महागड्या ॲक्रिलिक कॉलच्या वाटेला जाऊ नका. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचा, दोन रीडचा (रीड म्हणजे फुंकेने थरथरणारी पातळ पट्टी) साधा कॉल घ्या. एका रीडच्या कॉलला आवाज मोठा, चढउतारही जास्त, पण त्याला फुंकेवर ताबा लागतो. दोन रीडचा कॉल नवख्याच्या तोंडीही मॅलार्ड जातीच्या बदकाच्या मादीसारखा घोगरा बोलतो.

स्वस्त कॉल बिघडलेला वाटला तरी बहुधा जुळणीच चुकलेली असते. नळीतून आतला भाग ओढून काढा. खाली टोनबोर्ड (रीड जिच्यावर बसते ती पट्टी), त्यावर मायलर या पातळ प्लास्टिकची रीड आणि तिला दाबून धरणारा बुचाचा तुकडा दिसेल. काहीही हलवण्याआधी रीड जिथे बसली आहे तिथे बारीक पेनाने खूण करा. ही खूण करायची राहून गेली, तर मूळचा आवाज परत सापडता सापडत नाही.

आवाज फार जाड येतोय? रीडचं टोक कापा, पण अगदी केसभर! रीड आखूड झाली की सूर चढतो आणि कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणून जादा रीड आधीच आणून ठेवा. थुंकीने रीड चिकटत असेल तर टोकाचे दोन्ही कोपरे किंचित तिरके कापा. त्याही आधी डॉलरची कोरी नोट रीडखालून हळूच सरकवून बघा, पुष्कळदा नुसता कचराच निघतो. टोनबोर्डला मात्र कानस लावू नका.

मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज लावून बदकं बोलावणं अमेरिकेत बेकायदा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही.