ओढ्यावर गावाची वीज करायचीय? आधी एप्रिलमध्ये पाणी मोजा

वेल्हे, मुळशी, भोरकडे पावसाळ्यात कुठलाही ओढा बघितला की वाटतं इथे सहज वीज होईल, आणि तिथेच गणित चुकतं. आपल्याकडचे बहुतेक ओढे दिवाळीनंतर बारीक होत जातात आणि होळीपर्यंत कोरडे. म्हणून टर्बाइनचं (पाण्याच्या जोरावर फिरून वीज करणाऱ्या मशीनचं) कोटेशन मागवायच्या आधी एप्रिलमध्ये जाऊन पाणी मोजा, आणि वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा कुठला झरा कधीच आटत नाही, जन्मभर पाणी भरलंय त्यांनी, त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

मोजणं सोपं आहे. मातीच्या गोण्यांचा छोटा बांध घाला, सगळं पाणी एका पाइपातून काढून खाली २०० लिटरचं पिंप ठेवा. २० सेकंदात भरलं तर सेकंदाला १० लिटर. पाणी पाइपात शिरतं तिथपासून खाली टर्बाइनपर्यंतची उंची मोजायला गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब घ्या आणि टप्प्याटप्प्याने खाली या, मोबाईलच्या ॲपवर विसंबू नका.

आता सेकंदाचे लिटर गुणिले उंचीचे मीटर गुणिले ५, म्हणजे साधारण वॅट. १० लिटर आणि ३० मीटर असेल तर १५०० वॅट. ऐकायला कमी वाटतं पण ४० घरांत ९ वॅटचे तीन-तीन बल्ब धरले तरी १०८० वॅटच होतात. सगळा ओढा मात्र पाइपात घालू नका, खाली गुरं पाणी पितात.

पाइपाच्या तोंडाशी गाळ बसायला टाकी आणि पाचोळा अडवायला जाळी हवीच, पावसात ती रोज साफ करावी लागते. लोड कंट्रोलरवर पैसे वाचवू नका प्लीज. रात्री लोकांनी दिवे बंद केले की लोड कमी होतो, टर्बाइन जोरात फिरतं, व्होल्टेज चढतं आणि बल्ब उडतात. कंट्रोलर तीच जादाची वीज पाण्यातल्या हीटरकडे वळवतो.

पाइप वनखात्याच्या जमिनीतून जाणार असेल तर परवानगी आधी, ग्रामसभेचा ठराव पण आधीच.

आणि मशीन कोण बघणार? पोरं पिरंगुट-चाकणला कामाला जातात, त्यामुळे गावातच राहणाऱ्या दोघींना तरी शिकवा. वर्गणी बचत गटाकडे द्या, पहिल्या महिन्यापासून घ्या आणि त्यातले थोडे पैसे बेअरिंगसाठी वेगळे ठेवा, कारण ते भर पावसात जातं तेव्हा वर्गणी गोळा करायला कुणाकडे वेळ नसतो, सगळे भातलावणीला असतात.