सिनेगॉगमधल्या वस्तूंचे फोटो काढायचेत? बेळगाव-निपाणीकडच्या फोटोवाल्यांसाठी थोडं

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची लग्नाचे फोटो काढणारी बरीच पोरं आता हेरिटेज फोटो काढायला लागलीत, चांगलंच आहे, पण सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, शिरली की आधी मेनोरा, म्हणजे ती फाट्यांची दिवली, तिचा क्लोजअप, वर सेपिया फिल्टर आणि खाली 'लुप्त झालेला समाज'. अहो लुप्त कुठं? बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू, मराठीच बोलणारे, शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणून शनवारतेली, आडनावं रोहेकर, पेणकर, दिवेकर. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले पण मुंबई-ठाण्यात आजही आहेत. केरळातले कोचीकडचे ज्यू मात्र जवळजवळ सगळेच गेले. म्हणजे कुठल्या जागेबद्दल बोलताय ते आधी ठरवा, मगच कॅमेरा काढा.

परवानगी आधी घ्या, फोनवर किंवा ईमेलवर. पुण्याचं लाल देऊळ (१८६७ चं, कॅम्पातलं) किंवा अलिबागचं मागेन अबोथ, ही दोन्ही सिनेगॉगच, तिथं आजही प्रार्थना होते, म्युझियम समजून गेटवर उभं राहू नका. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा कॅमेरा नकोच, आणि आपल्याला सुट्टी शनिवार-रविवारची असते म्हणून हे सांगतोय, रविवार धरा. डोक्यावर टोपी पाहिजे, नसेल तर रुमाल बांधा.

तोरा म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, चामड्याच्या पानांवर हातानं लिहिलेली गुंडाळी. तिच्या अक्षरांना ते लोकसुद्धा बोट लावत नाहीत, याद नावाच्या काठीनं ओळ दाखवतात, काठीच्या टोकाला छोटा हात असतो. तेव्हा तुम्ही 'जरा उघडता का, लाईट चांगला आहे' म्हणू नका. ते स्वतःहून उघडतील तर फ्लॅश बंद, ट्रायपॉड, आयएसओ वाढवला तरी चालतंय.

चांदी-पितळ हे खरं डोकेदुखीचं काम. पोलरायझर लावला की चमक जाईल असं वाटतं, काचेवरची जाते, उघड्या धातूवरची जात नाही. त्यापेक्षा खिडकीच्या बाजूला वस्तू राहू द्या, समोरून पांढरा थर्माकोल किंवा धुतलेलं धोतर धरा, काळा शर्ट घालून जाऊ नका कारण तुम्हीच त्यात दिसता. सराव घरच्या देव्हाऱ्यातल्या टाकांवर करा, तोच त्रास, तीच झीज. फोटोत झीजच पाहिजे बघा, यादची मूठ कुठं गुळगुळीत झाली, पडद्याची कड कुठं हातानं मळली. नवी चकचकीत वस्तू काय सांगणार?

दुसरं म्हणजे रिकामी जागा. ज्यू घराच्या दारात आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर, साधारण खांद्याच्या उंचीला मेझुझा असतो, छोट्या डबीत प्रार्थनेची चिठ्ठी. घर विकून गेले की बऱ्याचदा तो काढून नेतात आणि मागं स्क्रूची भोकं नाहीतर रंगाचा फिकट पट्टा उरतो. असा पट्टा मिळाला तर नुसता क्लोजअप घेऊ नका, दार, उंबरा, आता तिथं राहणाऱ्यांच्या चपला सगळं येऊ द्या (त्यांना विचारून). गेलेला माणूस त्या एका फोटोत जेवढा दिसतो तेवढा दहा मेनोरांत दिसत नाही, माझं तरी मत असंच.

कबरींवर कुठं कुठं हिब्रू आणि मराठी दोन्ही असतं. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, शेव्हिंग फोम काही चोळू नका, दगड खराब होतो. सकाळी लवकर जा, ऊन तिरकं असतं, नसेल तर घरचा आरसा न्या आणि बाजूनं कवडसा पाडा. वर ठेवलेले खडे हलवू नका, ते भेटायला आलेल्यांनी ठेवलेत.

मेणबत्ती स्वतः पेटवून 'मूड' करणं तर अजिबात नको, ती खोटी बातमीच झाली.

कॅप्शनमध्ये गाव, साल, वस्तू वापरात आहे की नाही आणि मूळची कुठली, एवढं पाहिजेच. वस्तूही फिरतात ना, कोचीतल्या मट्टनचेरीच्या कडवुंभागम सिनेगॉगचं कोरीव लाकूडकाम आज जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे, आणि केरळातल्याच परवूर, चेंदमंगलमची सिनेगॉग जागच्या जागी म्युझियम झालीत. शेवटी फोटो राखणदाराला द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर साईज कमी होते, इस्राएलच्या दिमोना-अश्दोदमधले नातेवाईक झूम करून आजोबांचं नाव शोधतात.