रात्रीच्या पार्टीला गोड परफ्यूम: घेताना आणि लावताना या चुका टाळा

पुरुषांचा परफ्यूम गोड असला की तो रात्रीचा, असा एक ढोबळ नियम रूढ झालाय. दुकानातला मुलगा तेच सांगतो, यूट्यूबवरचे परीक्षकही तेच सांगतात. त्यामुळे बाटली हुंगली, व्हॅनिला जाणवला की ‘हा पार्टीला’ म्हणून पैसे मोजले जातात. मग एखाद्या शनिवारी चार मित्र चार गोड परफ्यूम लावून एका बंद टॅक्सीत बसतात आणि अंधेरीहून निघालेली गाडी वांद्र्याला पोचायच्या आत कुणीतरी काच खाली करतं.

चारही परफ्यूम चांगले असू शकतात. त्या जागेत, त्या हवेत, तेवढ्या मात्रेत ते जमतील का, हे तपासायचं मात्र राहून गेलेलं असतं.

नुसता गोडपणा बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. या गोडपणामागे बहुतेक वेळा मोजकेच घटक असतात: व्हॅनिलाला त्याचा वास देणारं व्हॅनिलिन, टोंका नावाच्या सुगंधी बीमध्ये असणारं कुमारिन आणि एथिल माल्टॉल. पहिली दोन जुनी आहेत. विल्यम पर्किनने १८६८ मध्ये कुमारिन प्रयोगशाळेत बनवलं, १८७४ मध्ये व्हॅनिलिनही बनू लागलं. एथिल माल्टॉलचा वास म्हणजे जत्रेतले गुलाबी बुढ्ढी के बाल. थिएरी मुगलरच्या ‘एंजल’मध्ये (१९९२) ते भरपूर आहे, पण त्याच्या जोडीला पॅचुली या वनस्पतीचा मातकट, कडवट वासही तितकाच आहे. ‘एंजल’ बायकांसाठी होता. १९९६ मध्ये त्याची पुरुषी आवृत्ती आली, तिच्यात कॉफी आणि चक्क डांबराचा वास घातला गेला.

मुद्दा त्या पॅचुलीचा आणि डांबराचा आहे. श्रीखंडात वेलदोडा-जायफळ पडलं नाही तर दोन चमच्यांत ते नकोसं होतं. रात्रभर अंगावर वागवायच्या गोड वासालाही असाच कुणीतरी आवरणारा लागतो. ज्याँ पॉल गोतिएच्या ‘ले मेल’मध्ये (१९९५) व्हॅनिलाला लव्हेंडर आणि पुदिना सावरतात. पाको राबानच्या ‘वन मिलियन’मध्ये (२००८) दालचिनी आणि चामड्याचा वास आहे, व्हिक्टर अँड रॉल्फच्या ‘स्पाइसबॉम्ब एक्स्ट्रीम’मध्ये तंबाखू आणि काळी मिरी. व्हर्साचेच्या ‘इरॉस’मध्ये पुदिना आहे, पण तो सुरुवातीलाच जास्त जाणवतो. पुढे व्हॅनिला आणि टोंकाचंच राज्य.

म्हणून निकाल लावायचा तो तीन तासांनी. मनगट नाकाशी न्या आणि स्वतःला विचारा: साखर सोडून आणखी काही ओळखू येतंय का? मिरी, लाकूड, तंबाखू, लव्हेंडर, काहीही चालेल. काहीच सापडत नसेल तर तो परफ्यूम घरात, थंडीत, एकट्यासाठी छान असेल, पण गर्दीत तो माणसांना दोन पावलं मागे सरकवतो. लताफाचा ‘खमरा’ सध्या आपल्याकडे बराच दिसतो. खजूर, दालचिनी आणि प्रालिन (साखरेत परतलेल्या सुक्यामेव्याची मिठाई), म्हणजे गोडावर गोड. पुण्यातल्या डिसेंबरात गच्चीवर तो मला आवडतो. मे महिन्यातल्या दादरमध्ये मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

कागदाच्या पट्टीवर निर्णय घेणं

दुकानातल्या पट्टीवर पहिल्या काही मिनिटांत जे जाणवतं ते बहुतेक वेळा संत्रं, लिंबू, पुदिना, सफरचंद असं काहीतरी ताजं असतं. ते सगळं लवकर उडतं. व्हॅनिलिन आणि कुमारिन मात्र जड, संथ उडणारे रेणू आहेत. त्यामुळे यातले बरेचसे परफ्यूम जसजसा वेळ जातो तसतसे जास्त गोड होत जातात. आठ वाजता ‘मस्त फ्रेश आहे’ वाटलेला वास अकरा वाजता नुसतं कॅरमल होऊन बसतो, आणि पार्टी तर तेव्हाच रंगात आलेली असते.

आणखी एक. दुकानात कॉफीच्या बियांची वाटी पुढे करतात, ती हुंगल्याने नाक ‘साफ’ होतं म्हणून. साध्या हवेपेक्षा त्याचा जास्त उपयोग होत नाही. दोन-तीन वास झाले की बाहेर फेरी मारा, नाहीतर स्वतःच्या कोपराचा आतला, काही न लावलेला भाग हुंगा. एका मनगटावर एकच परफ्यूम लावा आणि न घेता घरी या. शंभर मिलीची बाटली घेण्याआधी पाच मिलीचं डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढलेला परफ्यूम, मिळतंय का ते बघा. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली रस जातो, म्हणजे पाच मिलीत पन्नासेक फवारे. पबमध्ये, लग्नाच्या संगीताला, सगळीकडे लावून बघायला तेवढे पुरतात.

एका नावाचे सगळे परफ्यूम सारखे समजणं

एकाच नावाखाली ओ द टॉयलेट, ओ द परफ्यूम, परफ्यूम, एलिक्सिर असे प्रकार येतात. ही उतरंड फक्त तीव्रतेची आहे असा समज असतो आणि ‘रात्रीसाठी जास्त स्ट्राँग तो घ्या’ असा सल्ला मिळतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा अख्खं सूत्रच बदललेलं असतं. ‘ले मेल’चंच बघा. मूळ १९९५ चा फ्रांसिस कुर्कजियान यांचा, न्हाव्याच्या दुकानातल्या साबणाची आठवण करून देणारा. २०२० चा काळ्या बाटलीतला ‘ले परफ्यूम’ वेलदोडा, लव्हेंडर आणि व्हॅनिलाचा, बराच शांत. २०२३ चा सोनेरी ‘एलिक्सिर’ मध, टोंका, तंबाखू घेऊन येतो आणि तिघांत गोडाला सर्वांत पुढे. बाटलीचा आकार तिघांचाही तोच, खलाशाच्या धडाचा. मित्राच्या अंगावरचा ‘ले मेल’ आवडला म्हणून दुकानात जाऊन नुसतं ‘ले मेल’ मागितलं, तर भलताच वास घरी येऊ शकतो. कोणता, ते आधी विचारून घ्या.

बाटलीवरच्या ‘नाइट’, ‘न्वी’ (फ्रेंचमध्ये रात्र), ‘क्लब’ या शब्दांवरही जाऊ नका. आरमाफच्या ‘क्लब दे न्वी इंटेन्स मॅन’मध्ये लिंबू, अननस आणि धुरकट लाकूड आहे. तो गोड मिठाईच्या जातीतला नाही.

परदेशातला सल्ला जसाच्या तसा उचलणं

‘हिवाळ्याच्या रात्री गोड परफ्यूम’ हा सल्ला ज्या देशांतून येतो तिथे हिवाळ्याच्या रात्री तापमान शून्याच्या आसपास असतं, अंगावर लोकरी कोट असतो. थंड हवेत वास हळू उडतो, म्हणून तिथे चार-पाच फवारे खपून जातात. पुण्या-नाशिकच्या थंडीत हे थोडंफार लागू पडतं, रात्रीचा पारा दहा-बारावर येतो तेव्हा. मुंबईत जानेवारीतही तशी थंडी क्वचितच पडते. गोव्यात डिसेंबरात रात्री हवा सुखद असली तरी दमटपणा आणि घाम असतोच.

मग जागेप्रमाणे ठरवा. लोअर परळच्या एसी पबमध्ये, जिथे संगीत, धूर आणि इतरांचे परफ्यूम यांचा आधीच कल्लोळ असतो, तिथे मसालेदार गोड वास उठून दिसतो. तीन फवाऱ्यांचा ‘वन मिलियन’ तिथे चालतो. गोव्यातल्या वागातोरच्या उघड्या शॅकवर तोच परफ्यूम घामात मिसळून चिकट वाटायला लागतो, तिथे एक फवारा पुरे, किंवा पुदिना-लव्हेंडरवाला काहीतरी. नाचणं नसेल आणि टेबलावर बसून जेवायचं असेल तर गोड परफ्यूम घरीच ठेवा. तळलेल्या सुरमईच्या ताटावर कुणाच्या तरी मनगटावरचा व्हॅनिला तरंगत येणं हा समोरच्यावर अन्याय आहे.

नाकावर विसंबून फवारे वाढवणं

सतत येणारा वास नाक थोड्याच वेळात दुर्लक्षित करायला लागतं. परफ्यूम उडालेला नसतो, तो फक्त आपल्याला येत नाही. शिवाय काही कस्तुरीसदृश किंवा अंबरसारखे घटक काही माणसांना जवळपास जाणवतच नाहीत. अशा वेळी ‘टिकत नाही यार’ म्हणून पबच्या बाथरूममध्ये आणखी चार फवारे मारले जातात आणि टेबलावरचे सगळे खुर्ची सरकवतात.

मित्राला ‘कसा वाटतो?’ असं विचारण्यात अर्थ नाही, तो ‘भारी’ म्हणणार. ‘किती लांबून येतो?’ असं विचारा. हातभर अंतरावरून येत असेल तर उत्तम. दारातून आत आल्या आल्या कोपऱ्यातल्या माणसाला आला तर घमघमाट झालाय.

फवारणीची वेळही बघा. हे परफ्यूम पहिल्या तासात सर्वांत मोठ्याने बोलतात. तो पहिला तास टॅक्सीत किंवा शेवटच्या लोकलच्या डब्यात जाऊ देऊ नका. छोटं डिकँट खिशात ठेवा आणि पोचण्याआधी लावा. शर्टाच्या आत, छातीवर मारलेला फवारा मानेवरच्या फवाऱ्यापेक्षा मंद दरवळतो, त्यामुळे गोड परफ्यूमला ती जागा जास्त बरी. मनगटं एकमेकांवर घासू नका, सुरुवातीचा ताजेपणा त्याने लवकर उडतो. पांढऱ्या शर्टावर थेट मारणं टाळा. यातले बरेच रस सोनेरी-तपकिरी असतात, डाग राहतो.

आधीच अंगावर चार वास असणं

परफ्यूमचा दोष म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं इथलं असतं. गोडसर डिओ, केसांना सुगंधी जेल, दाढीला तेल, शर्टाला फॅब्रिक कंडिशनर, आणि वरून परफ्यूम. या सगळ्यांत पुन्हा व्हॅनिला असण्याची शक्यता दांडगी. पार्टीच्या दिवशी बिनवासाचा डिओ वापरा, बाकी गोष्टी जमतील तितक्या साध्या ठेवा. मग परफ्यूम खरंच कसा आहे ते कळेल.

आता बिघडलंच आहे तर

जास्त लागला असेल तर पाण्याने चोळत बसू नका, परफ्यूमचं तेल त्याने फारसं निघत नाही. टिश्यूवर सॅनिटायझर घेऊन ती जागा पुसा, अल्कोहोलमध्ये ते विरघळतं. मग साबणाने धुवा. डोळ्यांपासून लांब. शर्टावर गेला असेल तर इलाज नाही, शर्ट बदला.

बाटली घेऊन झाली आणि फारच गोड निघाली? आधी त्वचेवर खसाच्या अत्तराचं एक बोट लावा, वर एकच फवारा. वाळ्याचा कोरडा, मुळांचा वास व्हॅनिलाला चांगला आवरतो. चंदनानेही जमतं, पण ते स्वतःच जरा मऊ-गोड असतं, त्यामुळे फरक कमी पडतो. मोगरा किंवा गुलाब मात्र नको, चिकटपणा वाढतो. एवढं करूनही जमलं नाही तर तो पुढच्या थंडीतल्या सहलीसाठी राखून ठेवा, किंवा ज्याला आवडतो अशा मित्राला देऊन टाका.

जुन्या बाटलीतला रस गडद तपकिरी झाला म्हणून लगेच फेकू नका. व्हॅनिलिन असलेले परफ्यूम काळानुसार काळवंडतात आणि तरीही ठीक असतात. कागदावर एक फवारा मारा. सुरुवातीलाच आंबूस किंवा खवट आला आणि तो वास अर्ध्या तासानेही गेला नाही, तर बाटली बहुधा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा खिडकीतल्या उन्हात तापलेली असणार.