गाळ आधी सेंटिमीटरमध्ये वाचा, वर्षं नंतर

समुद्रतळातून काढलेली कोअर, म्हणजे नळीत भरून आलेला गाळाचा लांब दांडा, उभी चिरून टेबलावर ठेवली की नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे किती वर्षांपूर्वीचं?" मी त्याच्या हातात मोजपट्टी देते. पृथ्वीच्या कक्षेची चक्रं गाळात शोधायची असतील, तर वर्षांची घाई करायची नाही. बहुतेक चुका त्या घाईतच होतात.

कशाची खूण शोधतोय, ते आधी पक्कं करा. पृथ्वीच्या अक्षाचा कल २२.१ ते २४.५ अंशांमध्ये हेलकावे खातो, सुमारे ४१,००० वर्षांत एकदा. अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्याची चक्रं १९,००० आणि २३,००० वर्षांची. कक्षा लांबट-गोल होत राहते, तिची साधारण १ लाख आणि ४ लाख ५ हजार वर्षांची. यामुळे उत्तरेकडच्या उन्हाळ्याचं ऊन कमी-जास्त होतं. उन्हाळा मवाळ झाला की आदल्या हिवाळ्याचं बर्फ वितळायचं राहतं आणि साचत जातं. बर्फात हलका ऑक्सिजन जास्त अडकतो, समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं, आणि फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव त्याच पाण्यातून आपली कवचं घडवतात. आपण वाचायची ती कवचं.

समजा हिंदी महासागरातली १८ मीटरची कोअर आहे. नमुने किती अंतरावर घ्यायचे, हे गाळ साचण्याच्या वेगावर ठरतं. हजार वर्षांत २ सेंटिमीटर गाळ साचत असेल तर २३,००० वर्षांचं चक्र ४६ सेंटिमीटरमध्ये बसतं. दर २० सेंटिमीटरला नमुना घेतलात तर एका लाटेवर जेमतेम दोन ठिपके पडतील, म्हणजे काहीच दिसणार नाही. मी दर ४ सेंटिमीटरला घेते. त्याहून फार बारीक जाण्यात अर्थ नाही, कारण तळावरचे किडे वरचा काही सेंटिमीटर गाळ उकरून कधीच एकत्र करून ठेवतात.

नमुना पाण्यात भिजवा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धुवा, सुकवा. दोन नमुन्यांच्या मधे चाळणी मेथिलीन ब्लूमध्ये बुडवायला विसरू नका. जाळीत अडकलेलं आधीच्या नमुन्यातलं कवच निळं होतं, आणि पुढच्या नमुन्यात उपटलं तर मायक्रोस्कोपखाली लगेच ओळखू येतं. मग ओल्या बारीक ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. या कामाला मानेचा व्यायाम आणि बंद पंखा, दोन्ही लागतात.

कवचं एकाच जातीची घ्या. सिबिसिडॉइड्स आणि युविजेरिना, दोन्ही तळावर राहणारे फोरॅमिनिफेरा. सिबिसिडॉइड्स मिळत नाहीत म्हणून मधेच युविजेरिना घेतल्या, तर जड ऑक्सिजनचा आकडा सुमारे ०.६४ पर मिलने (म्हणजे हजारात ०.६४ भागाने) जास्त येतो. हिमयुग आणि उबदार काळ यांच्यातला सगळा फरकच १.७ पर मिलच्या आसपास. न सुधारता मिसळलेली जात म्हणजे घरीच तयार केलेलं हिमयुग!

आकडे आले की खोलीसमोर मांडा, जड ऑक्सिजन खाली येईल असा अक्ष उलटा ठेवून. करवतीचे दात दिसले पाहिजेत: बर्फ हळूहळू साचतं, वितळतं मात्र सुमारे १० हजार वर्षांत. एका कोअरमध्ये मला दीड मीटरच्या एकाच तुकड्यात दात उलटे दिसले. सावकाश ऊब, मग एकदम थंडी. दोन आठवडे मी त्यावर एक सिद्धांत रचत होते. शेवटी नळीवरचा, वरची बाजू दाखवणारा बाण पाहिला; तो तुकडा ट्रेमध्ये उलटा ठेवला होता, आणि ठेवणारी मीच.

आता अंतरं मोजा. मोठ्या लाटांमधली आणि लहान लाटांमधली अंतरं २०० : ८२ : ४६ : ३८ अशा प्रमाणात असतील, तर ते १०० : ४१ : २३ : १९ चंच प्रमाण आहे. वय माहीत नसतानाही ते जुळतं, म्हणून मला ते सगळ्यात विश्वासाचं वाटतं. हेज, इम्ब्री आणि शॅकलटन यांनी १९७६ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या दोन कोअरमध्ये हीच चक्रं दाखवली, तेव्हा कुठे कक्षेच्या चक्रांमुळे हिमयुगं येतात हे मिलान्कोविचचं गणित लोकांनी मनावर घेतलं. मात्र १० लाख वर्षांहून जुन्या गाळात १ लाखाची ठळक लाट शोधत बसू नका. तिथे ४१ हजारांचं राज्य आहे.

वर्षं यानंतर. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख ७४,००० वर्षांपूर्वीची. तिच्यातले काचेचे वाकडे कपचे १४८ सेंटिमीटरवर सापडले तर वेग हजार वर्षांत २ सेंटिमीटरच निघतो. खाली २४० च्या सुमारास रुबर नावाच्या फोरॅमिनिफेराची गुलाबी कवचं दिसू लागतात. ही गुलाबी कवचं हिंदी महासागरातून सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वी नाहीशी झाली.

शेवटी लाटा खगोलीय गणिताशी जुळवायच्या. इथे जपून: ताणून-दाबून कुठलाही आलेख कुठल्याही गणितावर बसवता येतो. म्हणून एक खूण बाजूला ठेवा. मी पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची शेवटची उलटापालट ठेवते; तिची नोंद गाळात राहते. पूर्वी तिचं वय ७ लाख ३० हजार मानत. १९९० मध्ये शॅकलटन आणि सहकाऱ्यांनी गाळातली चक्रं मोजून ७ लाख ८० हजार म्हटलं, आणि पुढे लाव्हातल्या आर्गॉन वायूवरून काढलेल्या वयांनी त्याला दुजोरा दिला. जुळवणी संपल्यावरच ती खूण उघडायची. माझ्या पहिल्या जुळवणीत ती ८ लाख २१ हजारांवर निघाली: अक्षाच्या कलाचं एक चक्र मी बरोब्बर जास्तीचं मोजलं होतं.