कामाचा लॅपटॉप: दुरुस्त करून वापरावा की नवा घ्यावा, हे ठरवण्याआधीची तयारी

लॅपटॉप संथ झाल्याची जाणीव नेमकी कामाच्या गर्दीत होते आणि त्याच गर्दीत उठून दुकान गाठले की हिशेब न करताच पैसे मोजले जातात. लातूर-जालन्याच्या मोंढ्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक सुरू होते, कर सल्लागारांकडे जुलैअखेर विवरणपत्रांची धावपळ असते, दहावी-बारावीचे निकाल लागले की ई-सेवा केंद्रांसमोर दाखल्यांसाठी रांगा लागतात. म्हणून पुढे दिलेली तपासणी आपापल्या व्यवसायातील सवडीच्या महिन्यातच उरकून ठेवावी. तिच्यातून एकाच प्रश्नाचे उत्तर काढायचे आहे: चार-सहा हजारांत जेवढी सुधारणा होते तेवढी झाल्यावर जो त्रास शिल्लक राहील, त्याच्यासाठी आणखी चाळीस-पन्नास हजार घालणे परवडते का?

सुरुवात एका वहीने करावी. आठवडाभर, लॅपटॉपपुढे जिथे जिथे थांबावे लागले त्याची वेळ आणि कारण लिहावे: सकाळी चालू करून काम सुरू होईपर्यंत किती मिनिटे गेली, टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममधील वर्षभराची खातेवही उघडायला किती, पन्नास पानांची स्कॅन केलेली फाईल जोडायला किती. ही नोंद करताना यंत्रामुळे झालेला खोळंबा आणि इंटरनेटमुळे झालेला खोळंबा वेगवेगळे लिहिणे फार महत्त्वाचे आहे. शेवटच्या तारखेला सरकारी पोर्टल सगळ्यांसाठीच रखडते आणि लाखाचा लॅपटॉप आणला तरी ते पान लवकर उघडत नाही. शंका असेल तर तेच पोर्टल त्याच वेळी मोबाईलवर उघडून पाहावे. तिथेही चाक फिरतच राहिले, तर ती मिनिटे लॅपटॉपच्या खात्यावर टाकू नयेत. तालुक्याच्या गावी अनेकांचा अर्धा त्रास या एका चाचणीत निकालात निघतो, आणि मग पैसे लॅपटॉपऐवजी फायबरच्या जोडणीवर घालणे शहाणपणाचे ठरते.

यानंतर यंत्राच्या आत डोकवावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. रोजच्या कामाच्या साऱ्या खिडक्या, म्हणजे टॅली, एक्सेल, ब्राउझरचे दहा-बारा टॅब आणि व्हॉट्सॲप, उघड्या ठेवून हे आलेख पाहावेत. रिकाम्या यंत्राचे आकडे काहीच सांगत नाहीत. डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दुखणे सापडले असे समजावे. मेमरी सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, अपुरी आहे. प्रोसेसर मात्र १०० टक्क्यांवर आणि बाकी दोघे निवांत असतील, तर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) किंवा रॅम घालून फरक पडणार नाही. वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्या भागांची त्रिमितीय रेखाटने करणाऱ्यांना किंवा लग्नसराईचे व्हिडिओ संपादित करणाऱ्यांना हे तिसरे चित्र दिसण्याची शक्यता अधिक. हिशेब लिहिणाऱ्याला, टंकलेखकाला किंवा शिकवणी वर्गाच्या कार्यालयाला ते सहसा दिसत नाही. त्याच खिडकीत स्टार्टअप ॲप्सची यादीही असते. आपण कधीच न वापरणारे प्रोग्राम लॅपटॉपसोबत सकाळीच उठून बसलेले असतात. ते बंद करायला एक पैसाही लागत नाही.

मराठवाड्यात आणखी एक तपासणी वगळून चालत नाही, ती म्हणजे उष्णता आणि धूळ यांची. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या गाळ्यात त्याहून जास्त. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, आणि आपण समजतो लॅपटॉप म्हातारा झाला. जिनिंगच्या आवारातील कार्यालयात कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीत बसून नमद्यासारखा थर तयार होतो. तो दिसायला मागचे झाकणच उघडावे लागते. त्यामुळे दुपारी संथ आणि सकाळी ठीक अशी नोंद वहीत वारंवार आली, तर आधी पंखा साफ करून घ्यावा, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्यावी आणि मग पुन्हा आठवडाभर नोंद ठेवावी. हे काम काही शे रुपयांत होते आणि त्याशिवाय पुढचा कोणताही खर्च ठरवू नये.

बॅटरीकडे आपल्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष असते, कारण लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला असतो. परंतु वीज जाण्या-येण्याचा भरवसा नसलेल्या गावात बॅटरी हाच खरा यूपीएस आहे. ती मेली असेल तर एका झटक्यात चालू नोंद जाते आणि कधीकधी खातेवहीची फाईलच बिघडते. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी हा शब्द, जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट असे इंग्रजीत टाइप केले की एक अहवाल तयार होतो. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. पहिला ४१,००० आणि दुसरा १७,००० असेल, तर बॅटरीत मूळ ताकदीच्या निम्मीसुद्धा उरलेली नाही आणि तिच्या बदलीचा खर्च हिशेबात धरायला हवा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे; अशा वेळी तपासणी बाजूला ठेवून लॅपटॉप चार्जरवरून काढावा आणि थेट दुरुस्तीला न्यावा.

दुखणे कळल्यावर उपाय त्या यंत्रात बसतो का, हे पाहावे. टास्क मॅनेजरच्या मेमरी या पानावर रॅमचे किती खाचे आहेत आणि किती भरले आहेत हे लिहिलेले असते. दोनपैकी एक रिकामा असेल तर उत्तम. फॉर्म फॅक्टरपुढे 'रो ऑफ चिप्स' असे दिसले तर रॅम बहुधा मदरबोर्डलाच डकवलेली आहे, आणि मग वेगळा खाचा नसेल तर ती वाढवता येत नाही. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या जाती एकमेकींच्या जागी बसत नाहीत, म्हणून जात लिहून घेतल्याशिवाय दुकानात जाऊ नये. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले, कारण कारखान्यांनी एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे उत्पादन वळवले. त्यामुळे ओळखीच्याने गेल्या वर्षी सांगितलेल्या भावावर विसंबू नये, ताजा भाव विचारावा. एसएसडीच्या बाबतीत फिरती हार्ड डिस्क साधारण सेकंदाला १०० ते १५० एमबी वाचते, साटा जातीची एसएसडी ५०० च्या आसपास आणि एनव्हीएमई जातीची हजारोंच्या घरात. हिशेब-टंकलेखनाच्या कामात हार्ड डिस्ककडून साटाकडे गेल्याचा फरक डोळ्यांना दिसतो, साटाकडून एनव्हीएमईकडे गेल्याचा क्वचितच जाणवतो. त्या शेवटच्या टप्प्यासाठी लॅपटॉप बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र एका अडथळ्यापाशी स्वस्त उपाय थांबतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच जाहीर केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते आणि इंटेलचे प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. पिढी ओळखणे सोपे आहे: आय-फाईव्ह किंवा आय-थ्री या नावापुढचा आकडा ७२०० असेल तर सातवी, ८२५० असेल तर आठवी. टीपीएम नाही असा संदेश आला तरी लगेच निराश होऊ नये, कारण पुष्कळ यंत्रांत ती सुविधा असते पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. सातव्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या यंत्रात, त्यावर बँकेचे व्यवहार आणि ग्राहकांची आधार-पॅनची कागदपत्रे असताना, नवी रॅम आणि नवी बॅटरी असा मोठा खर्च करणे मला पटत नाही. एसएसडी तेवढी घालावी, कारण साटा एसएसडी पुढे बाहेरच्या खोक्यात बसवून बॅकअपसाठी वापरता येते.

नव्या यंत्राकडे कल झुकत असेल, तर टेबलावरच्या इतर वस्तूंची यादी करावी. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, तोलकाट्याची जोडणी, डाँगलवर (संगणकाला लावायच्या परवाना-चावीवर) चालणारे जुने मराठी फॉन्टचे पॅकेज, यांपैकी प्रत्येकासाठी विंडोज ११ चे ड्रायव्हर मिळतात का, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. विंडोज ११ फक्त ६४ बिटांच्या रूपातच येते आणि त्यावर १६ बिटांचे जुने प्रोग्राम चालत नाहीत. मोंढ्यातील काही आडत दुकानांत शेतकऱ्याची पट्टी अजून अशाच प्रोग्रामवर निघत असेल, तर नव्या लॅपटॉपच्या किमतीत नव्या प्रोग्रामची किंमतही मिळवावी लागेल. नव्या लॅपटॉपला बऱ्याचदा लॅन केबलची जागाही नसते.

आता आकडेमोड. समजा, वहीतील नोंदीनुसार यंत्रामुळे रोज ४० मिनिटे वाया जातात, महिन्यात २५ दिवस काम होते आणि आपल्या एका तासाची किंमत २०० रुपये आहे. वाचलेला सगळा वेळ कमाईत उतरत नाही, म्हणून त्याची निम्मीच किंमत धरावी. ६,००० रुपयांच्या दुरुस्तीने ४० पैकी ३० मिनिटे वाचत असतील, तर महिन्याला साडेबारा तास, म्हणजे निम्म्या दराने १,२५० रुपये, आणि खर्च पाच महिन्यांच्या आत भरून निघतो. ५५,००० च्या नव्या लॅपटॉपने पूर्ण ४० मिनिटे वाचली तरी तुलना उरलेल्या १० मिनिटांची आणि वरच्या ४९,००० रुपयांची करायची आहे. त्या १० मिनिटांची किंमत महिन्याला सुमारे ४१७ रुपये होते आणि ४९,००० वसूल व्हायला जवळजवळ पावणेदहा वर्षे लागतात. तोवर तो लॅपटॉपही टिकणार नाही. उलट, प्रोसेसरच अपुरा असल्याने दुरुस्तीने फक्त ५ मिनिटे वाचत असतील, किंवा विंडोज ११ चा अडथळा असेल, तर हाच हिशेब नव्याच्या बाजूने झुकतो. आपल्या वहीतले आकडे घालूनच तो करावा, माझे नव्हे.

कराची बाजू किमतीइतकीच महत्त्वाची आहे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. नियमित नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने आपला जीएसटी क्रमांक घातलेले पक्के बिल घेतले, तर व्यवसायासाठीच्या खरेदीवरील त्या कराची वजावट मिळू शकते, कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या) दुकानदाराला ती मिळत नाही. वजावट घेतल्यास कराच्या त्या रकमेवर पुन्हा घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी सूट, मागता येत नाही. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्माच, म्हणजे २० टक्के. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर वापरात आणलेले यंत्र या निम्म्या हिश्शात मोडते, आणि दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताची खरेदी तर हमखास. उरलेला घसारा पुढे मिळत राहतो हे खरे, तरी दिवाळीच्या सवलतीची तुलना करताना हे ध्यानात असावे. अनुमानित उत्पन्नाच्या (उलाढालीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न मानणाऱ्या) योजनेत विवरणपत्र भरणाऱ्यांना घसारा वेगळा मिळत नाही, त्यांनी मुहूर्ताची चिंता करू नये. एकाच विक्रेत्याला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम आयकरासाठी यंत्राच्या किमतीत धरली जात नाही. पैसे बँकेतूनच द्यावेत. बिनव्याजी हप्त्यांच्या योजनेत प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर किती, तसेच एकरकमी दिल्यास भाव किती उतरतो, हे दोन्ही विचारावे.

नवाच घ्यायचा ठरला, तर कार्यालयीन कामासाठी १६ जीबी रॅम किंवा ८ जीबी अधिक एक रिकामा खाचा, आणि ५१२ जीबी एसएसडी यांवर समाधान मानावे. त्याहून अधिक लक्ष सेवेकडे द्यावे: हिंगोली किंवा धाराशिवच्या ग्राहकाला यंत्र नांदेड, लातूर वा छत्रपती संभाजीनगरला पाठवावे लागणार असेल, तर ते तिथे पडून असण्याच्या काळात काम कशावर करायचे, याचे उत्तर आधी हवे. आपल्या पिनकोडवर घरपोच सेवा मिळते का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला व्यावसायिक लॅपटॉप हाही चांगला पर्याय आहे, मात्र प्रोसेसर आठव्या पिढीचा वा पुढचा असावा, बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड नसावा आणि वर सांगितलेला बॅटरीचा अहवाल दुकानातच काढून पाहावा.

बदलीच्या दिवशी घाई करू नये. आधी सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि तिच्यातील दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. यंत्रावर बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सुविधा) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावरून सरेंडर करावा आणि मगच नव्यावर सुरू करावा. जुना लॅपटॉप निदान एक महिना, जीएसटीचे एक विवरणपत्र नव्या यंत्रावरून डिजिटल स्वाक्षरीसह जाईपर्यंत, विकू नये. विकताना, त्यात ग्राहकांची कागदपत्रे असतील तर हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवावी. डिस्कशिवाय भाव थोडा कमी येतो, तो सोडून द्यावा.